पाचव्या दिवशीचं पाणी

भद्रावती पेठ, सोलापूर
४ मार्च २०२४

ती. आत्तीस,
सुकन्याचा नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. 'शेरात सुखात आसशील' असं लिहिलंयस. सुखात! आत्ती, तू इथं एक दिवस राहून बघ आणि मग मला सुखाचं विचार. हे फोनवरच सांगितलं असतं, पण मी ओरडते, तू 'काय? काय?' करतेस आणि शेवटी माझं सगळं, ज्याच्या फोनवर बोलायचं त्या शेजारच्या हरिबाला कळतं. बिभीषणदादाचा फोन तर मेंढरांबरोबर कर्नाटकात हिंडतोय. म्हणून लिहितेच आहे.

लग्नाला तीन वर्षं झाली, पण मी तुला या खोलीचं कधी नीट लिहिलं नाही. खोली मागांच्या शेडवर आहे. खाली सोळा माग. सकाळी आठला जो खडखडाट सुरू होतो तो रात्रीपर्यंत. फळीवरचे पेले आपोआप पुढं सरकत येतात, दर तासाला मागं ढकलायचे. सुताचा भुगा केसांत, डाळीत, पिठात. डोक्यावर पत्रा. आत्ताशी कुठं मार्च लागलाय आणि दुपारी भिंतीला हात लावता येत नाही.

आणि पाणी! ते पाच दिवसांनी एकदा. तेही कधी येईल ते त्या चावीवाल्यालाच ठाऊक. सकाळी सातला, नाहीतर दुपारी तीनला. अंगणात एक नळ, चार बिऱ्हाडं, दीड तास. जी बाई उभी राहील तिचाच नंबर. घरमालकीण रत्नम्मा खाली विड्या वळत बसलेली असते. तिनं 'नळ आलेऽ' अशी हाक दिली की बायका घागरी घेऊन जिन्यावरून पळत सुटतात. त्या वेळेला घरात माणूस नसलं की पुढचे पाच दिवस बोंबला. इथं पाहुणा येतो म्हणाला तर आधी कॅलेंडर बघतात, मग 'या' म्हणतात.

आमच्या ह्यांचं तर सोडूनच दे. दुसऱ्या कारखान्यात जॉबर आहेत, एकाच वेळी चाळीस माग दुरुस्त करत सांभाळायचे, एक बंद पडला की मालक बोंब मारतो. ते पाण्यासाठी घरी थांबूच शकत नाहीत. राहिले मी. मी शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात कॉलरी शिवते हे तुला माहीतच आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतात, म्हणून मार्च ते मे आमचा सीझन, श्वास घ्यायला फुरसत नाही. परवा आमच्या महेश्वर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सीझनमध्ये तीन खाडे पडले की मशीन दुसऱ्या बाईला. माझा एक पडलासुद्धा. कशामुळं? पाण्यामुळं. तसं सांगितलं तर म्हणतात, "पाणी काय तुमच्याच घरी येतं का?" त्यांना काय, जुळे सोलापूरच्या नव्या वसाहतीत फ्लॅट, वर टाकी, बटण दाबलं की मोटर.

ते मशीन मला सोडायचं नाही आत्ती. दोन वर्षं मी तिथं नुसते दोरे कापले, तेव्हा कुठं मशीनवर बसले. गल्लीत मी जोतिरामची बायको. कारखान्यात मात्र वाकडी कॉलर आली की म्हणतात, सुकन्याकडं द्या. असं मला दुसरीकडं कुणी म्हणत नाही.

बरं झालं लिहिलं. जरा डोकं शांत झालं.

तुझी सुकन्या


कोकरेवाडी, ता. सांगोला
१३ मार्च २०२४

चि. सुकन्येस आत्तीचा आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. हरिबाला दावलं न्हाय, काळजी करू नगंस.

लई वराडलीयास की गं कागदावर! पाच दिसांनी पाणी येतं म्हनून रडतीस, हितं टँकर आट दिसांनी येतो, त्योबी आला तर. पर टँकर आला की धुरळा उटतो, समद्या वाडीला दिसतो. तुमच्या शेरातलं पाणी मातर चोरावानी येतं म्हन की.

मशीन सोडू नगंस. तू तीन वर्साची आईयेगळी माज्याकडं आलीस तवा भाकरीच्या पिटाची बाहुली करून तिला फडक्याचं झंपर शिवायचीस, सुई माजी घोंगड्याची, तुज्या हातापरास मोटी. कॉलरी वाकड्या कशा हुतील तुज्या हातनं?

माजं बरं हाय. बिभीषण आन् सून मेंढरं घिऊन गेल्यात, मिरगाला येतील. औंदा म्या गेले न्हाय, पाय दुकत्यात. घरात म्या आन् चार शेळ्या. दिसभर त्यांच्यासंगंच बोलते. कानाचं इचारू नगंस, थोडं जड झाल्यात, बाकी समदं ऐकू येतंय.

मायाक्का


सोलापूर
१ एप्रिल २०२४

ती. आत्तीस,
सुकन्याचा नमस्कार.

गेल्या आठवड्यात आणखी एक खाडा पडला. झाले दोन. त्याविषयी आता काही लिहीत नाही, लिहायला लागले की डोकं उठतं. महेश्वर सर मशीनजवळून जाताना नुसती दोन बोटं दाखवतात. तोंडानं बोलत नाहीत, बोटं दाखवतात.

आत्ती, मनात आलं म्हणून लिहिते. तू इकडं का येत नाहीस? दादा येईपर्यंत तिकडं एकटी बसून काय करणार? मे संपेपर्यंत राहा. सिद्धरामेश्वराचं देऊळ बघ, संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसू. डोळे तपासून घेऊ. तुला कडक भाकरी आणि शेंगाचटणी आवडते, ती इथं कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. फोनचीच काय ती अडचण, समोर बसून बोललं की तुला सगळं कळतंच की.

माझं हे शहर मला रोज खातं गं. तू आलीस तर बरं वाटेल. शेळ्या हरिबाकडं ठेव.

तुझी सुकन्या


कोकरेवाडी
१० एप्रिल २०२४

चि. सुकन्येस आशीर्वाद.

पत्र वाचून इतका वेळ उंबऱ्यावरच बसले. तीन वर्सांत पैल्यांदा 'ये' म्हनून लिवलंस. दरवक्ताला 'खोली लहान हाय, मोटी घेतली की बोलवते' असं लिवायचीस.

खरं सांग, काय काम हाय का? पोटुशी हायस का? असलीस तर तसं लिव, म्हंजी डिंकाचं लाडू करून आनते. न्हायतर घरात भांडान झालंय? जोतिरामाचं आन् तुजं बरं हाय न्हवं? काम आसंल तर काम हाय म्हन, नसंल तर न्हाय म्हन. मला दोनीबी चालतंय. पर आदी कळलेलं बरं.

शेळ्यांचं हरिबाला इचारलं. ठिवतो म्हनाला. त्याची बायकू तोंड वाकडं करत व्हती, करू दे.

मायाक्का


सोलापूर
१६ एप्रिल २०२४

ती. आत्तीस,

पोटुशी नाही, भांडण नाही, काही नाही. काम कसलं आलंय? तू नुसती ये आणि पाय पसरून बस. जन्मभर मेंढरांमागं पळलीस, जरा आराम कर. २८ तारखेला रविवार आहे, हे स्टँडवर उभे असतील. गाडीतून उतरलीस की तिथंच थांब, इकडं तिकडं जाऊ नको.

तुझी सुकन्या


सोलापूर
९ मे २०२४

आत्तीस नमस्कार.

तू सुखरूप पोचलीस हे मला हरिबाच्या फोनवरून कळलं. तुझ्याकडून नाही.

चार तारखेला पहाटे उठून बघते तर तुझी पिशवी नाही, लुगडं नाही, तू नाही. आमचे हे स्टँडवर दोन तास एकेका गाडीत डोकं घालून 'मायाक्का, मायाक्का' करत हिंडले. लोक हसत होते म्हणे. असं कुणी करतं का? मी काय तुला घरातून काढलं होतं?

दोन तारखेचं लिहितेच आता. तू तर त्या संध्याकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

एक मेला कारखान्याला सुट्टी होती. त्या दिवशी नळ आले असते तर काही झालंच नसतं. पण माझं नशीब कसलं! नळ दोन तारखेला. मी निघताना तुला सांगितलं नाही का? दारात चपला घालता घालता सांगितलं, आज नळ येतील, रत्नम्मा हाक मारतील, पिंप आणि घागरी भरून घे. तू म्हणालीस, 'व्हय.' मी परत विचारलं, कळलं ना नीट? 'व्हय व्हय.' जिना उतरतानासुद्धा ओरडून सांगितलं.

दिवसभर मशीनवर मी निश्चिंत होते. महिन्याभरात पहिल्यांदा नळाचा विचार न करता कॉलरी शिवल्या. साडेसातला घरी आले तर पिंप कोरडं. घागरी पालथ्या. आणि तू खिडकीशी बसून तूरडाळ निवडत होतीस, मला बघून हसलीस. रत्नम्मा खालून म्हणाली, "मी चार बार बोलवली, वरून कोण बोललाच नाही. मला वाटला, तुम्ही देवळाला गेले." त्यांचा दीड तास संपला, नळ गेले.

मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. 'मग तुला बोलवलं कशाला होतं?' जिन्यात सगळ्या बायका उभ्या होत्या, मला दिसल्याच नाहीत. इतक्या मोठ्यानं बोलले की बाकी काही ऐकू न जाणाऱ्या तुला तेवढं मात्र बरोबर ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याच्या मागं फिरण्यात माझा तिसरा खाडा पडला. तू कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून निजलीस, जेवली नाहीस. मी चहा ठेवला तोही तसाच.

तुला इतकं कमी ऐकू येतं हे मला आधी कुणी सांगायचं? 'थोडं जड झाल्यात' म्हणे! खरं लिहिलं असतंस तर मी दुसरी काहीतरी सोय केली असती. माझं चुकलं असेल. पण सगळं माझ्या एकटीच्या माथी मारू नको.

सुकन्या


सोलापूर
२९ मे २०२४

ती. आत्तीस नमस्कार.

वीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. कार्डसुद्धा नाही. पोस्टमन गल्लीत आला की मी जिन्यात येते आणि तो वीजबिल देऊन जातो.

इथं सगळं ठीक आहे. काम चालू आहे. सीझन आता संपत आला. उकाडा मात्र असा की रात्री पाठ भिजून जाते. परवा वळवाचा पाऊस आला, तासाभरात गल्लीत गुडघाभर पाणी. चपला वाहून गेल्या, पण नळ त्या दिवशीही आले नाहीत. या गावात डोक्यावरून पाणी जाईल, पण हंड्यात पडणार नाही. हसू येतं आणि रागही येतो.

चार ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी सुकन्या

(पत्राच्या मागच्या बाजूला)

ती. आत्तींना जोतिरामचा नमस्कार.

पत्र टाकायला तिनं माझ्याकडं दिलंय. मागं जागा कोरी होती म्हणून लिहितो, तिला कळवू नका. काम चालू आहे हे तिनं खोटं लिहिलंय. मशीन सहा तारखेलाच गेलं. ती नेहमीसारखी डबा घेऊन गेली तर तिच्या जागेवर दुसरी बाई बसलेली. डबा तसाच परत आणला.

आता घरीच असते. नळाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी खाली जाऊन बसते. पिंप काठोकाठ भरते आणि वर येऊन रडते. मशीनचं दुःख आहेच, पण तुम्हाला बोलली ते तिला जास्त खातंय. मी म्हटलं, आत्तीची माफी माग. तर माझ्यावरच ओरडली. तिला माफी मागता येत नाही, तुमच्याच हाताखाली वाढलीय. मी आमच्या केम गावी आईला फोनवर विचारलं काय करू, ती म्हणाली आत्तींना खरं सांग. म्हणून सांगितलं.

जोतिराम


कोकरेवाडी
८ जून २०२४

चि. सुकन्येस आशीर्वाद.

जावयानं पत्राच्या पाठीवर लिवलंय, मशीन गेलं म्हनून. कळवू नका म्हनाला, पर म्या सांगते. लपवालपवी आपल्या दोगींची लई झाली. त्याच्यावर वराडू नगंस, त्यो शाना हाय.

आता माजं ऐक. कान गेलं ते पार गेलं, दोन वर्सं झाली. कुनाला सांगटलं न्हाय. गेल्या साली मेंढरामागं व्हते, एक मेंढी वड्यात आडकून वरडत राह्यली. म्या वीस पावलावर बसलेली, मला पत्त्या न्हाय. मेली ती. बिभीषण औंदा म्हनाला, आई तू घरीच राहा. पाय दुकत्यात म्हनून न्हाय गं. मेंढराच्या गळ्यातली घाटी ऐकू न येनारी बाई कळपात कुनाला पायजे? चाळीस वर्सं मेंढरं राखली म्या. तुजं मशीन गेलं तसंच माजंबी गेलंय.

तुला हे लिवायची लाज वाटली. तुज्याकडं आले तवा वाटलं, कळू द्यायचं न्हाय. लोकांस्नी व्हय म्हनलं की ती खुश हून कामाला जात्यात, हे मला कळलंय. तू दारात काय सांगत व्हतीस मला ठावं न्हाय. तुजं तोंड चपलेकडं व्हतं. म्या म्हनलं, व्हय. मला वाटलं, जेवून घे म्हनतीया.

आन् तू लिवलंस, तेवढं बराबर ऐकू गेलं. ऐकू न्हाय गेलं गं बाई. तू माज्या म्होरं यिऊन उभी राह्यलीस, माज्या तोंडाकडं बगून बोललीस. व्हटावरनं कळलं. तुज्या घरात सा दिस राह्यले, त्यात तेवढं एकदाच तू माज्याकडं तोंड करून बोललीस. बाकी समदं पाठ करून, भांडी घासताना, जिन्यातनं.

पाण्यासाटी बोलवलंस ह्याचा मला राग न्हाय. आत्तीला काम सांगायचं न्हाय तर कुनाला सांगायचं? राग ह्याचा, की म्या कागदावर इचारलं व्हतं, काम हाय का, आन् तू न्हाय म्हनून लिवलंस. तोंडानं बोलतीस ते मला ऐकू येत न्हाय, आन् कागदावर तू खरं लिवत न्हाईस. मंग म्या कुटनं कळून घ्यायचं? लिवलं असतंस तर सकाळधरनं त्या नळाला हात लावून बसले असते. पाणी याच्या आदी पाईप थरथरतो. आमच्या टँकरचाबी थरथरतो. हाक कशाला लागती?

जिन्यातल्या त्या बायांस्नी काय वाटलं आसंल, ह्याचा इचार करून चार दिस जेवन ग्वाड लागलं न्हाय. आता तेबी गेलं.

बिभीषण आला परवा. मिरगाचा पाऊस बरा हाय. आता तुला पाणी भराय मानूस नगं, तू घरीच हायस. माजं तितं काय काम उरलं न्हाय. आता बोलवायचं आसंल तर बोलव. मंग बगते.

मायाक्का


सोलापूर
१३ जून २०२४

ती. आत्तीस,
सुकन्याचा साष्टांग नमस्कार.

ह्यांना काही बोलले नाही. नुसतं बघितलं, तेवढं पुरलं.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. मला ते मोठ्यानं सांगता येत नाही आणि आता तर सांगून उपयोगही नाही, म्हणून लिहिते. माझं चुकलं, आत्ती. मला पाण्यासाठी माणूस हवं होतं आणि तू हवी होतीस, पण मी एकच लिहिलं आणि तेही अर्धंच. तुला कानाचं दोन वर्षं आणि ओढ्यातल्या मेंढीचं वर्षभर एकटीला गिळावं लागलं आणि मी मात्र पेल्यांचं रडगाणं गात बसले.

परवापासून शाळा सुरू. गल्लीतल्या पोरांचे नवे गणवेश आले आहेत. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येक पोराची कॉलर मी बघते. वाकडी दिसली की वाटतं ही नवीन बाईची, सरळ दिसली की वाटतं माझी. वेड्यासारखं करते. दुसऱ्या एका कारखान्यात विचारून आले, दिवाळीनंतर बघू म्हणाले. दिवाळीनंतर! तोवर काय करायचं ते मलाही माहीत नाही. खाली माग तसेच, भुगा तसाच, पत्रा तसाच. या गावाचा मला अजून तितकाच वीट आहे, खोटं कशाला सांगू?

पाणी सोळा तारखेला येईल. मग एकवीसला, शुक्रवारी. ते मी भरून ठेवते.

तू शनिवारी ये.

तुझी सुकन्या